फौजेतून 'बोर्ड-आऊट' होऊन आलेला माणूस : त्याचा कागद, त्याची पेन्शन आणि घरचा पुढचा संसार

 

आज आपण अशा घराबद्दल बोलणार आहोत, ज्या घरचा मुलगा किंवा नवरा फौजेत गेला आणि नोकरी पुरी होण्याआधीच दुखापतीमुळे किंवा आजारपणामुळे परत आला. फौजेत याला 'मेडिकल बोर्ड-आऊट' म्हणतात. गावात मात्र त्याला वेगळंच नाव पडतं. "त्याला काढून टाकलं" असं लोक म्हणतात. कोणी म्हणतं, काहीतरी लफडं केलं असेल. कोणी म्हणतं, कामचुकार असेल. घरची माणसंही हळूहळू गप्प होतात. ट्रंकेतले कागद ट्रंकेतच राहतात, आणि सून कापूस वेचायला, निंदायला मजुरीनं जाऊ लागते. त्या ट्रंकेत तिच्या घराची हक्काची पेन्शन पडून असू शकते, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून पहिली गोष्ट नीट समजून घेऊ. गुन्हा केला म्हणून घरी पाठवणं वेगळं आणि शरीर साथ देत नाही म्हणून घरी पाठवणं वेगळं. बोर्ड-आऊट म्हणजे डॉक्टरांच्या मंडळानं तपासून लिहिलेलं असतं, की हा माणूस आता फौजेच्या कामाला लायक राहिला नाही. ती शिक्षा नव्हे. त्याची अब्रू त्यात कुठेही जात नाही. आणि त्या कागदावर पुढे काय लिहिलंय, यावर घराची पेन्शन ठरते.

मंडळ दोन प्रश्नांची उत्तरं लिहितं

पहिला प्रश्न : अपंगत्व किती टक्के? दुसरा प्रश्न : हे अपंगत्व नोकरीमुळे आलं का, किंवा आधीचं दुखणं नोकरीमुळे वाढलं का?

अपंगत्वाच्या पेन्शनसाठी साधारणपणे दोन्ही उत्तरं बाजूची लागतात. टक्केवारी किमान २० असावी, आणि दुखण्याचा नोकरीशी संबंध मंडळानं मानलेला असावा. संबंध म्हणजे फक्त गोळी लागणं नव्हे. कवायतीत मोडलेला पाय, बर्फात काम करून गेलेली बोटं, ड्युटीवर झालेला गाडीचा अपघात, नोकरीच्या ताणानं वाढलेला आजार, हे सगळं त्यात येऊ शकतं. सुट्टीवर घरी येताना किंवा परत जाताना वाटेत अपघात झाला, तर काही अटींवर तोही ड्युटीवरचा धरला जातो.

इथे एक घोळ नेहमी होतो. आपल्याकडे सरकारी दवाखान्यातून जे दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं, त्यात ४० टक्क्यांची अट असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, आणि ४० टक्क्यांच्या पुढे असेल तर बऱ्याच सवलती मिळतात. फौजेची २० टक्क्यांची अट त्याहून वेगळी आहे. एखाद्या जवानाला फौजेच्या मंडळानं ३० टक्के लिहून दिले असतील, तर गावातलं कोणी म्हणेल, "४० नाहीत, तुला काही मिळत नाही." त्याचं ऐकून घरी बसू नका. फौजेच्या पेन्शनला ३० टक्के पुरतात.

पैशाचा हिशोब

पेन्शन दोन भागांची असते. एक भाग नोकरीचा आणि दुसरा अपंगत्वाचा.

समजा, बोर्ड-आऊट झालेल्या जवानाचा हिशोबात धरलेला शेवटचा पगार महिना ३०,००० रुपये होता. नोकरीचा भाग त्याच्या निम्मा, म्हणजे १५,००० रुपये. बोर्ड-आऊट झालेल्याला या भागासाठी अमुक इतकी वर्षं नोकरी झालीच पाहिजे, अशी अट नाही. अपंगत्वाचा भाग १०० टक्के अपंगत्वाला पगाराच्या ३० टक्के असतो, म्हणजे ९,००० रुपये. अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. ५० टक्के असेल तर ४,५०० रुपये. या दोन्हींवर महागाई भत्ता वेगळा मिळतो.

आता महत्त्वाचं. बोर्ड-आऊट झालेल्या माणसाची टक्केवारी सरकार वरच्या टप्प्याला नेऊन मोजतं. २० ते ४९ असेल तर ५० धरतात. ५० ते ७५ असेल तर ७५. ७६ च्या पुढे असेल तर १००. म्हणजे कागदावर ३० लिहिलेलं असलं, तरी पैसे ५० टक्क्यांच्या हिशोबानं यायला पाहिजेत. पासबुकावरचा आकडा आणि हा हिशोब एकदा जुळवून बघा. घरी आठवी-दहावी शिकलेली मुलगी असेल, तिला बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

दुखापत लढाईत, सीमेवरच्या चकमकीत किंवा अतिरेक्यांच्या हल्ल्यात झाली असेल, तर तिला युद्धजखमीची पेन्शन म्हणतात. तिथे अपंगत्वाचा भाग बराच मोठा असतो. १०० टक्के अपंगत्वाला तो शेवटच्या पगाराइतकाच धरतात. म्हणून दुखापत कुठे आणि कशी झाली, हे कागदावर बरोबर लिहिलंय का, ते तपासणं फार गरजेचं असतं.

आणखी एक रक्कम आहे, तिच्याबद्दल बायकांना क्वचितच कोणी सांगतं. ज्याचं अपंगत्व १०० टक्के आहे, ज्याला उठवायला, आंघोळ घालायला, भरवायला सतत कोणीतरी लागतं, त्याला सोबतीच्या माणसासाठी वेगळा भत्ता मिळतो. मंडळानं तशी शिफारस करावी लागते. २०१७ मध्ये हा भत्ता महिना ६,७५० रुपये ठरला होता. सध्याचा आकडा कार्यालयात विचारून घ्या. ती सोबत बहुतेक घरी बायकोच करते किंवा म्हातारी आई करते. रात्री दोनदा उठून कूस बदलणारा हात त्यांचाच असतो. सरकारच्या नियमात त्या कामाला मोल आहे. म्हणून कागदावर ती शिफारस आहे का, ते बघाच.

"नोकरीशी संबंध नाही" असा शेरा असेल तर

पुष्कळ कागदांवर मंडळानं असं लिहिलेलं असतं, की आजार नोकरीमुळे आलेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. मिरगी, मनाचे आजार, साखर, रक्तदाब यांच्या बाबतीत हे जास्त होतं. असा शेरा दिसला की लोक हात टेकतात. हात टेकण्याआधी दोन गोष्टी ऐका.

पहिली गोष्ट. अशा माणसाची नोकरी १० वर्षं किंवा जास्त झाली असेल, तर त्याला 'इनव्हॅलिड पेन्शन' नावाची वेगळी पेन्शन असते. १० वर्षांच्या आत असेल, तर पूर्वी एकदाच थोडी रक्कम देऊन घरी पाठवत. जुलै २०२० मध्ये संरक्षण खात्यानं आदेश काढला. ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर जे नोकरीत होते, त्यांना १० वर्षांच्या आतही ही पेन्शन मिळू शकते. अट अशी, की तो फौजेच्या कामाला कायमचा नालायक ठरलेला असावा आणि बाहेरची दुसरी नोकरी करायलाही कायमचा असमर्थ असावा.

ही दुसरी अट लक्षात ठेवा. अपंगत्वाची पेन्शन घेणाऱ्यानं बाहेर काम केलं तर ती पेन्शन बंद होत नाही. दुकान टाकलं, शिपायाची नोकरी धरली, वावर कसलं, तरी चालतं. पण १० वर्षांच्या आतली ही इनव्हॅलिड पेन्शन 'दुसरी नोकरी करता येणार नाही' या पायावरच मिळते. आपल्या घरची पेन्शन नेमकी कोणती, हे ओळखूनच पुढचं ठरवावं.

इतर देशांतही या प्रश्नाचा विचार झाला आहे. अमेरिकेत अपंगत्वाची टक्केवारी १०० नसली, तरी जखमेमुळे माजी सैनिकाला पोटापुरती नोकरीच करता येत नसेल, तर ठरावीक अटींवर १०० टक्क्यांच्या दरानं पैसे देतात. शरीर किती मोडलं आणि माणूस काम करू शकतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असं तिथे मानलं जातं. आपल्याकडे मुख्य मोजमाप टक्क्यांचं आहे. म्हणून टक्के चुकीचे लिहिले गेले, तर नुकसान आयुष्यभराचं होतं.

दुसरी गोष्ट. मंडळाचा शेरा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. याचं मोठं उदाहरण सर्वोच्च न्यायालयातलं आहे. धरमवीर सिंग नावाचा शिपाई १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झाला. १९९४ मध्ये झटके येण्याच्या आजारामुळे त्याला घरी पाठवलं. अपंगत्व २० टक्के लिहिलं, पण आजाराचा नोकरीशी संबंध नाही असा शेरा मारला आणि पेन्शन नाकारली. तो माणूस भांडत राहिला. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं सोप्या भाषेत असं : भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून धडधाकट म्हणून घेतलं, आणि तेव्हाच्या कागदावर कुठलाही आजार लिहिलेला नाही, तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं. आजार नोकरीमुळे झाला नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. शंका राहिली, तर तिचा फायदा जवानाला.

किती साधा विचार आहे बघा. आपण बाजारातून चांगला बैल पारखून आणतो. वर्षभर औताला जुंपतो. तो लंगडला की "आधीच लंगडा होता" असं म्हणता येत नाही.

पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, सुखविंदर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक गोष्ट सांगितली. अपंगत्वामुळे एखाद्याला नोकरीतूनच काढलं असेल, तर ते २० टक्क्यांहून जास्त आहे असं धरायला पाहिजे. कारण २० टक्क्यांच्या आतल्या दुखण्यासाठी कोणाला घरी पाठवायचं कारणच नसतं.

दाद कुठे मागायची

नकाराचं पत्र आलं, की सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील करायचं. तिथेही नकार आला, तर पुन्हा सहा महिन्यांच्या आत दुसरं अपील. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. हे खास फौजेतल्या लोकांसाठीचं न्यायालय आहे. २००७ च्या कायद्यानं ते झालं आणि महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे.

"आता तर वीस वर्षं झाली, आता काय मिळणार" असं पुष्कळ घरी म्हणतात. २००८ मध्ये तरसेम सिंग यांच्या प्रकरणात हाच प्रश्न आला होता. ते १९८३ मध्ये बोर्ड-आऊट झाले आणि १९९९ मध्ये कोर्टात गेले. पेन्शन दर महिन्याची असते, म्हणून ती न मिळण्याचा अन्यायही दर महिन्याला नव्यानं होतो, म्हणून उशीर झाला तरी दावा मरत नाही, असं न्यायालयानं मानलं. मात्र मागची थकबाकी अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच धरली. म्हणजे उशीर झालेला असला तरी दार बंद नाही, पण जितका उशीर कराल तितके मागचे पैसे जातात.

वकिलाचा खर्च कोण करणार, हा प्रश्न आहेच. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि दिव्यांगांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, मग त्यांचं उत्पन्न कितीही असो. आपल्या तालुक्यात गोंड, कोलाम, परधान घरं पुष्कळ आहेत. त्यांना जातीच्या दाखल्यावरही हा हक्क लागू होतो. शिवाय जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. फौजी कुटुंबांना सैनिक कल्याण कार्यालयातच कायद्याची मदत मिळावी, हा तिचा हेतू आहे. त्यामुळे "पेन्शन काढून देतो, निम्मे पैसे द्या" म्हणणारा कोणी दारात आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. मूळ कागद त्याच्या हातात देऊ नका.

झरीहून जायचं कुठे

आपल्या जिल्ह्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यवतमाळला आहे. झरीहून तिथे जाणं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, एसटीचं भाडं जातं आणि मजुरी बुडते. म्हणून एकाच फेरीत काम व्हावं, अशी तयारी करून निघा. सोबत हे घ्या : डिस्चार्ज बुक, वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची प्रत, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ असेल तर तो, आधार, बँकेचं पासबुक, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला, फोटो. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स पांढरकवड्याला किंवा वणीलाच काढून ठेवा.

मंडळाचा अहवाल घरी नसेल, तर तो पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसातून मागवता येतो. प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस वेगळ्या गावी असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, गार्ड्सचं आपल्या नागपूरजवळ कामठीला. जवानाचा नंबर, पद, नाव आणि पलटण एवढं लिहून सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज करायचा. कागद मागण्याचा हक्क माहिती अधिकारातही आहे.

पेन्शन सुरू असेल, तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावाच लागतो. आता फौजेची पेन्शन 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून येते. हा दाखला सीएससी केंद्रावर अंगठा देऊन किंवा मोबाइलवर चेहरा दाखवून करता येतो. ज्याचे अंगठ्याचे ठसे उमटत नाहीत, त्यानं चेहऱ्याचा उपाय करावा. हा दाखला चुकला की पेन्शन थांबते.

काही गोष्टी नियमाप्रमाणे बदलतात, त्याही सांगतो. सप्टेंबर २०२३ पासून सैन्यदलाच्या अपंगत्व पेन्शनचे नियम नव्यानं लिहिले गेले. त्यानंतर ज्यांची नोकरी सुटली, त्यांनी नवे नियम विचारून घ्यावेत. पूर्वी दर काही वर्षांनी पुन्हा तपासणीला बोलवत. २००१ पासून कायमचं अपंगत्व एकदा ठरलं, की ते आयुष्यभर धरतात, जवानानं स्वतः फेरतपासणी मागितली तर गोष्ट वेगळी.

अग्निवीर आणि सीआरपीएफ

आपल्या भागातली पोरं आता अग्निवीर म्हणून जातात. ही योजना जून २०२२ मध्ये आली. अग्निवीराला पेन्शन नाही. पण नोकरीमुळे अपंगत्व आलं, तर एकरकमी मदत आहे : १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ लाख आणि ५० टक्क्यांना १५ लाख रुपये. शिवाय चार वर्षांतली जी नोकरी राहिली, तिचा पगार आणि सेवानिधीचे पैसे. इतकी रक्कम एकदम हातात आली, की पाहुणेरावळे वाढतात. पेन्शन नसलेल्या घरासाठी तोच पैसा पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा असतो. आधी पोस्टात किंवा बँकेत ठेवा, मग बोला.

सीआरपीएफ, बीएसएफ ही गृह खात्याची दलं आहेत. त्यांचे पेन्शनचे नियम वेगळे आणि कार्यालयंही वेगळी. त्या घरच्यांनी आपल्या दलाच्या ग्रुप सेंटरला आणि गृह खात्याच्या कल्याण व पुनर्वसन मंडळाला लिहावं. सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन "आमचं इथे नाही" हे ऐकून परत येऊ नका.

बायकोचं नाव

आता तुमच्या स्वतःच्या कामाची गोष्ट. पीपीओवर बायकोचं नाव आहे का? आहे, तर ते आधारवरच्या नावासारखंच आहे का? माहेरचं नाव, सासरचं नाव, जन्मतारीख, हे जुळत नसेल तर आजच दुरुस्तीला द्या. लग्न नोकरी सुटल्यावर झालं असेल, तर तेही कळवून नोंद करता येते. मुलांची नावं, विशेषतः जन्मतः अपंग असलेल्या मुलाचं नाव, नोंदवून घ्या. अशा मुलाला आईवडिलांनंतरही कुटुंब पेन्शन मिळू शकते.

नवरा गेला, की कुटुंब पेन्शन बायकोची असते. तो त्याच नोकरीच्या दुखण्यानं गेला असेल, तर ठरावीक अटींत ती साध्या कुटुंब पेन्शनपेक्षा मोठी, शेवटच्या पगाराच्या ६० टक्के मिळते. म्हणून मृत्यूच्या दाखल्याबरोबर दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. बँकेतलं खातं दोघांच्या नावानं करून ठेवलं, तर त्या दुःखाच्या दिवसांत खेटे कमी पडतात. 

मुलांच्या शिक्षणासाठी आणि मुलीच्या लग्नासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत हवालदार पदापर्यंतच्या माजी सैनिकांच्या घरांना असते. आजारपणासाठी ईसीएचएस ही दवाखान्याची योजना आहे, ती २००३ पासून सुरू आहे. आपल्याला जवळचं पॉलिक्लिनिक कोणतं आणि कार्ड कसं काढायचं, हे त्याच फेरीत कार्यालयात विचारून घ्या.

आणि ज्याला कुठल्याच प्रकारची पेन्शन बसत नाही, उत्पन्नही नाही, त्यानं तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करावा. ती मदत गरीब दिव्यांगासाठी आहे, तो माजी सैनिक असो वा नसो.

पुढचा संसार

पैशाचं झालं. आता माणसाचं बोलू.

पंचवीस-तीस वर्षांचा गडी घरी येतो. काल त्याच्या हातात बंदूक होती, अंगावर वर्दी होती. आज त्याला शौचालयापर्यंत धरून न्यावं लागतं. किंवा वरून धडधाकट दिसतो, पण रात्री दचकून उठतो, मुलांवर ओरडतो, माणसांत जात नाही. मग दारूची वाट सोपी वाटते. घरची बाई दोन्हीकडून दबते. लोकांना सांगता येत नाही आणि घरात सहन होत नाही.

मनाचं दुखणं हेही दुखणंच. १४४१६ हा 'टेलिमानस'चा मोफत नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये फौजेतल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा वेगळा विभागही सुरू झाला. फोन बायकोनंही करावा. मारहाण होत असेल, तर तो फौजी होता, आजारी आहे, म्हणून सोसत राहायचं असं नाही. गटातल्या बायांना सांगा, मदत मागा.

अपंग जवानांना नवं काम शिकवायची व्यवस्था आपल्याच राज्यात आहे आणि ती जुनी आहे. पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून आलेल्या शिपायांसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं. पुढे ते पुण्याला खडकीला आलं. आजही तिथे अपंग जवानांना निरनिराळे धंदे शिकवतात. खडकीलाच १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. कमरेखाली किंवा मानेखाली लुळे झालेले जवान तिथे राहतात. कोणी चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, कोणी तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. पुण्यातच १९४४ पासून फौजेचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. तिथे जायची वाटही सैनिक कल्याण कार्यालयातूनच जाते.

मुरलीकांत पेटकर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. फौजेत मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं. बऱ्या होणाऱ्या अंगाला व्यायाम म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात त्यांनी पॅरालिंपिकचं सुवर्णपदक मिळवलं. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. पुढे त्यांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, पदकानंतर ४६ वर्षांनी.

सगळ्यांना पदक मिळवायचं नसतं. आपल्या गावात एका पायानं अधू माणसाला शिलाई मशीन चालत नसेल, पण हातानं चालणारं मशीन चालतं. मोबाइल दुरुस्ती, पिठाची गिरणी, कुक्कुटपालन, झेरॉक्स, सीएससी केंद्र, शाळेतल्या पोरांना भरतीची तयारी शिकवणं, हे सगळं बसून किंवा अर्ध्या शरीरानं होतं. फौजेत वेळेची आणि हिशोबाची सवय लागलेली असते. गटाच्या खरेदी-विक्रीला असा माणूस फार उपयोगी पडतो. त्याला "तुम्ही बसा, आम्ही करतो" म्हणण्याआधी "भाऊ, एवढं बघून देता का?" असं विचारून बघा.

गटानं करायचं काम

पुढच्या मिटिंगमध्ये दहा मिनिटं काढा. आपल्या गावात, आपल्या पोडावर फौजेतून नोकरी पुरी न होता आलेलं कोणी आहे का, हे आठवा. म्हातारे झालेलेही धरा, आणि जे वारले त्यांच्या विधवाही धरा. त्या घरी दोघी-तिघी जा. पेन्शन मिळते का, असं एकदम विचारू नका, लोक दुखावतात. कागद बघायला मागा. त्यात तीन गोष्टी शोधा : टक्के किती, नोकरीशी संबंध मानलाय का, आणि बायकोचं नाव लिहिलंय का. कागद इंग्रजीत किंवा हिंदीत असेल, तर शाळेतल्या बाईंना किंवा ग्रामपंचायतीतल्या संगणकवाल्या मुलाला वाचायला सांगा. मग त्या बाईबरोबर गटातली एक जण यवतमाळला जा. एकटी बाई कार्यालयाच्या दारातून परत फिरते. दोघी गेल्या की टेबलापर्यंत पोहोचतात.

आणि गावात पुन्हा कोणी "त्याला काढून टाकलं" असं म्हणालं, तर तिथल्या तिथे सांगा, की त्याला काढलं नाही, तो नोकरीत जखमी झाला.

आज एवढंच. या विषयावर काही विचारायचं असेल, तर गटाच्या वहीत लिहून ठेवा. येऊ तेव्हा वही बघू आणि त्यातल्या प्रश्नांवर पुढच्या वेळी बोलू. सांभाळून राहा, बायांनो. नमस्कार.